जुनी चेन सॉ घेताना : सारख्या दिसणाऱ्या दोन मशिनींतला फरक कसा ओळखावा?



लाकडाच्या धंद्यात चेन सॉ आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वखारवाला, सुतार, बागायतदाराकडे झाडतोडीचे काम घेणारा मजूर, जळाऊ लाकूड पुरवणारा, सर्वांनाच तिची गरज पडते. कोठे तिला कटर म्हणतात, कोठे नुसतेच मशीन. नवी चांगली मशीन घेण्याइतके भांडवल प्रत्येकाकडे नसते. म्हणून बहुतेक भाई जुनी मशीन पाहतात आणि नेमके येथेच फसतात.

फसवणूक नेहमी विकणाऱ्याच्या खोटेपणामुळे होते असे नाही. पुष्कळदा विकणाऱ्यालाही आपण काय विकतो आहोत हे ठाऊक नसते. दुकानात दोन केशरी मशिनी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. अंग सारखे, बार सारखा, सी.सी.चा आकडाही जवळपास तोच. एकीची किंमत दुसरीपेक्षा चार-पाच हजारांनी कमी. घेणारा स्वस्त मशीन उचलतो. दोन महिन्यांत ती मिस्त्रीकडे पडते, घेतलेले काम दुसऱ्याकडे जाते आणि मशीनसाठी केलेली उधारी मात्र डोक्यावर राहते.

कोकणातील भाईंना ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवत असेल. श्रीवर्धन-दिवेआगर भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आले. अशा वेळी चेन सॉ मिळेल त्या भावाने घेतली जाते. गरज संपली की ती कोपऱ्यात पडते आणि काही वर्षांनी "फारशी वापरलेली नाही" म्हणून बाजारात येते. फारशी न वापरलेली आणि नीट ठेवलेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेट्रोल भरून चार वर्षे पडून राहिलेली मशीन रोज चालणाऱ्या मशीनपेक्षा अधिक बिघडलेली असू शकते.

म्हणून या लेखात एकच गोष्ट क्रमाने समजून घेऊ. समोर दोन सारख्या मशिनी असतील तर त्यांची तुलना कशी करावी?

१. आधी आपले काम ठरवा

मशीन पाहायला जाण्यापूर्वी आपण कोणते लाकूड, किती जाडीचे आणि दिवसाला किती तास कापणार हे कागदावर लिहावे. साधारण हिशेब असा :

३० ते ३५ सी.सी. : फांद्या छाटणे, जळण, बारीक खोड. बार १२ ते १६ इंच.

४५ ते ६० सी.सी. : बागेतील मध्यम झाडे, रोजचे हलके-मध्यम काम. बार १५ ते २० इंच.

६० ते ७२ सी.सी. : आंबा, फणस, साग यांचे जाड ओंडके, दिवसभराचे काम. बार १८ ते २५ इंच.

९० सी.सी. आणि वर : फार मोठे खोड, ओंडक्यातून फळ्या काढणे. बार २५ इंच आणि पुढे.

ज्याला जळण कापायचे आहे त्याने ७२ सी.सी.ची मशीन घेऊन दिवसभर साडेसहा किलोचे ओझे वाहण्यात अर्थ नाही. ज्याला ओंडके पाडायचे आहेत त्याने ३२ सी.सी.च्या मशीनला १८ इंची बार लावला, तर चेन चालते पण लाकूड कापले जात नाही. ऑपरेटर मग वरून दाबतो, मशीन तापते आणि पिस्टन जातो. चुकीच्या कामाला घेतलेली चांगली मशीन हीसुद्धा वाईट खरेदीच आहे.

२. नावांचा गोंधळ सोडवा

जुन्या बाजारात जर्मनीची स्टिल आणि स्वीडनची हुस्कवर्ना ही दोन नावे अधिक ऐकू येतात. स्टिलच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. या कंपनीच्या जुन्या मशिनींवर तीन अंकी, शून्याने सुरू होणारे नंबर असत : ०१७, ०१८, ०२५, ०२९, ०३६, ०३८, ०६६. सन २००० च्या सुमारास नवी पद्धत आली आणि नंबरापुढे एम.एस. ही अक्षरे लागली. ०१७ ची एम.एस. १७० झाली, ०१८ ची एम.एस. १८०, ०२५ ची एम.एस. २५०, ०२९ ची एम.एस. २९०, ०३६ ची एम.एस. ३६०, ०३८ मॅग्नमची एम.एस. ३८० आणि ०६६ ची एम.एस. ६६०.

म्हणजे "०३८ मॅग्नम जुनी आणि एम.एस. ३८० वेगळी" असे सांगून कोणी दुप्पट भाव मागत असेल तर सावध व्हावे. ती एकाच घराण्यातील मशीन आहे. नवे नाव म्हणजे वय कमी, एवढाच साधारण फायदा. नावापेक्षा आतली झीज महत्त्वाची.

उलट प्रकारही आहे. नाव तेच, पण यंत्र बदललेले. हुस्कवर्ना ३६५ घ्या. मूळची ३६५ मशीन ६५.१ सी.सी.ची. पुढे एक्स-टॉर्क नावाचे इंजिन आले, त्यात ३६५ चे आकारमान ७०.७ सी.सी. झाले. दोन्हींवर ३६५ च लिहिलेले असते. नुसता नंबर ऐकून भाव ठरवणारा येथे चुकतो.

३. सी.सी.चा हिशेब स्वतः करायला शिका

सी.सी. म्हणजे पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो तेवढे आकारमान. हा हिशेब कोणीही करू शकतो. बोअर म्हणजे सिलिंडरच्या आतला व्यास. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची खालून वरपर्यंतची चाल. दोन्ही मिलिमीटरमध्ये घ्यावे. बोअरला बोअरने गुणावे, त्याला स्ट्रोकने गुणावे, मग ०.७८५४ ने गुणून १,००० ने भागावे. उत्तर सी.सी.त मिळते.

आता स्टिल ०३८ चे घराणे घेऊ. तिच्या तीन बहिणी आहेत आणि तिघींचा स्ट्रोक ३४ मि.मी.च आहे. फरक फक्त बोअरचा :

०३८ साधी : बोअर ४८, आकारमान ६१.५ सी.सी.

०३८ सुपर : बोअर ५०, आकारमान ६६.८ सी.सी.

०३८ मॅग्नम, पुढची एम.एस. ३८० : बोअर ५२, आकारमान ७२.२ सी.सी.

बाहेरून तिघी जवळपास एकच दिसतात. झाकण एकीचे दुसरीला बसते. त्यामुळे साध्या ०३८ वर मॅग्नमचे झाकण चढवले तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. फरक ४ मि.मी. बोअरचा आहे, पण आकारमानात तो सुमारे १०.७ सी.सी. होतो. म्हणजे साध्या मशीनपेक्षा मॅग्नम सतरा टक्क्यांहून मोठी. भाव मॅग्नमचा देऊन साधी घरी आणली तर हा सगळा फरक आपल्या खिशातून गेला.

खात्री करण्याचा पक्का मार्ग एकच. सिलिंडर उतरवून व्हर्नियरने बोअर मोजणे. विकणारा त्याला तयार नसेल तर भांडू नये. फक्त एक नियम पाळावा : जे मोजून दाखवले नाही त्याचा भाव लहान मशीनचा समजूनच बोलावा. पटले तर सौदा, नाही तर सलाम करून पुढचे दुकान.

एम.एस. ३८० आणि एम.एस. ३८१ या जोडीचाही गोंधळ होतो. दोघींचे आकारमान ७२.२ सी.सी.च आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार ३८० ची ताकद ३.६ किलोवॅट आणि ३८१ ची ३.९ किलोवॅट. फरक आहे, पण थोडा. दमदार कॉम्प्रेशनची ३८० ही घासलेल्या ३८१ पेक्षा केव्हाही चांगली. एका अंकासाठी मोठी रक्कम जास्त मोजू नये.

हुस्कवर्नातही असेच घराणे आहे. ६१, २६८ आणि २७२ या तिघींचे आकारमान अनुक्रमे ६१.५, ६६.७ आणि ७२.२ सी.सी. पुढच्या पिढीत मूळची ३६५ आणि ३७२ एक्स.पी. ही जोडी. स्ट्रोक दोघींचा ३६ मि.मी., बोअर ४८ आणि ५०, आकारमान ६५.१ आणि ७०.७. खालचे अंग इतके सारखे की पुष्कळ मिस्त्री ३६५ वर ३७२ चा सिलिंडर-पिस्टन बसवतात. असे काम चांगल्या भागांनी केले असेल तर मशीन उत्तम चालते. पण ते केले आहे हे घेणाऱ्याला सांगितले पाहिजे, आणि भाग कोणत्या बनावटीचे हेही.

हाच हिशेब स्वस्त, अनोळखी नावाच्या मशिनींना लावून पाहावा. झाकणावर मोठ्या अक्षरांत ५८ सी.सी. लिहिलेले असते. समजा तिच्या माहितीपत्रकात बोअर ४५.२ आणि स्ट्रोक ३४ दिला आहे. गुणाकार करा. उत्तर ५४.६ येते, ५८ नव्हे. ३४ च्या स्ट्रोकवर ५८ सी.सी. भरायला बोअर ४६.६ लागेल. झाकणावरचा आकडा छापायला खर्च येत नाही. आकडा खरा की खोटा हे बोअर आणि स्ट्रोकच सांगतात.

४. सी.सी. एक, घडण दोन

तुलनेतील सर्वांत मोठी चूक सी.सी. सारखे म्हणून मशीन सारखी समजण्यात होते. याचे उत्तम उदाहरण स्टिलच्या एम.एस. ३१० आणि एम.एस. ३६१ या जोडीचे आहे.

दोघींचा बोअर ४७, स्ट्रोक ३४, म्हणून दोघींचे आकारमान ५९ सी.सी. कागदावर जुळ्या बहिणी. पण ३१० ही शेतकरी आणि घरगुती वापरासाठी बनवलेली, तर ३६१ ही रोज दिवसभर झाडे तोडणाऱ्यासाठी. ३१० चे इंजिन प्लॅस्टिकच्या अंगात बसवलेले आहे. तिचा सिलिंडर आणि क्रँकची खालची टोपी असे दोन भाग जोडून इंजिन होते. ३६१ चे क्रँककेसच हलक्या मॅग्नेशियम धातूचे, दोन उभ्या भागांचे. सिलिंडर त्यावर वेगळा, स्क्रूने बसवलेला.

धंद्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट, ३६१ चा पिस्टन बदलायचा तर सिलिंडर वरून काढता येतो. ३१० मध्ये आधी पूर्ण इंजिन अंगातून बाहेर घ्यावे लागते. मजुरी आणि वेळ दोन्ही अधिक.

दुसरी गोष्ट, ३६१ वजनाने हलकी आहे, सुमारे ५.६ किलो. ३१० सुमारे ५.९ किलो. ताकद मात्र ३६१ ची थोडी अधिक. आठ तास हातात धरणाऱ्याला ३०० ग्रॅम संध्याकाळी कळतात.

तिसरी गोष्ट, ३१० वाईट मशीन नाही. आठवड्यातून दोन दिवस काम असणाऱ्याला ती वर्षानुवर्षे पुरेल. पण तिला ३६१ चा भाव देऊ नये आणि तिच्याकडून ३६१ चे काम घेऊ नये.

एम.एस. २९० आणि एम.एस. ३६० या जोडीलाही हेच लागू. २९० चे आकारमान ५६.५ आणि ३६० चे ६१.५. फरक पाचच सी.सी.चा वाटतो. खरा फरक घडणीचा आहे.

लहान मशिनींत मात्र उलटे. एम.एस. १७० चे आकारमान ३०.१, एम.एस. १८० चे ३१.८. घडण जवळपास एकच. येथे नंबरासाठी वाद घालू नये. जिचे कॉम्प्रेशन चांगले आणि बार-चेन कमी झिजलेली, ती घ्यावी.

५. असली, नक्कल आणि मिश्रण

०७०, ३८१, ६६० अशा खपाच्या मशिनींच्या नकला बाजारात भरपूर आहेत. काही उघडपणे दुसऱ्या नावाने विकल्या जातात, काही मूळ नाव लावून. उघड नक्कल स्वस्तात घेणे हा ज्याचा त्याचा निर्णय. असलीच्या भावात नक्कल घेणे हा तोटा.

ओळखण्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात. असली स्टिलवर मशीनचा क्रमांक अंगावर ठोकलेला असतो, नुसता चिकटवलेला कागद नसतो. तो खरवडलेला किंवा घासलेला असेल तर नक्कल किंवा चोरीचा माल, यापैकी काहीतरी आहे असे धरून चालावे. प्लॅस्टिकच्या कडा, झाकणांची बसणी, ओतीव भागावरची अक्षरे नीट पाहावीत. नकलेत कडा खरबरीत, जोड उघडे आणि रंग थोडा वेगळा असतो. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे क्रमांक दाखवून विचारता येते. स्टिलची भारतातील कंपनी पुणे जिल्ह्यात आहे आणि तिचे विक्रेते अनेक गावांत आहेत.

एक खबरदारी. अंगावर दुसऱ्या देशाचे नाव आहे म्हणून मशीन नकली ठरवू नये. स्टिलचे कारखाने जर्मनीबाहेर अमेरिका, ब्राझील आणि चीनमध्येही आहेत.

तिसरा प्रकार मिश्रणाचा. अंग असली, पण सिलिंडर-पिस्टन, कार्बोरेटर किंवा क्लच नकली. दुरुस्त झालेल्या जुन्या मशिनींत हा प्रकार सर्वाधिक आढळतो. विकणाऱ्याला सरळ विचारावे, "कोणते भाग बदलले आणि जुने भाग आहेत का?" प्रामाणिक मिस्त्री जुना पिस्टन काढून दाखवतो.

६. पाहणीचा क्रम

दोन्ही मशिनींची पाहणी एकाच क्रमाने करावी आणि कागदावर लिहून ठेवावी. एकीचे इंजिन पाहिले आणि दुसरीचा रंग पाहिला, तर त्याला तुलना म्हणता येत नाही.

मशीन थंड असताना : पोचताच सायलेन्सरला सांभाळून हात लावून पाहावा. गरम असेल तर आपण येण्याआधी मशीन चालवलेली आहे. थंड इंजिनला सुरू होताना जो त्रास होतो तो लपवण्याची ही जुनी युक्ती. अशा वेळी "चहा पिऊन येतो" म्हणावे आणि पूर्ण थंड झाल्यावर परत यावे.

कॉम्प्रेशन : स्टार्टरची दोरी हळू ओढावी. हाताला टप्प्याटप्प्याने जोर लागला पाहिजे. कॉम्प्रेशन सोडण्याचे बटण असेल तर ते बंद आहे ना हे पाहावे. मिस्त्रीकडे मापक असेल तर उत्तम. साधारण १५० पी.एस.आय. आणि वर असेल तर इंजिन सुस्थितीत समजावे. १२० च्या खाली शंका घ्यावी. १०० च्या आसपास असेल तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च धरूनच भाव करावा. दोन मशिनी एकाच मापकाने मोजाव्यात, कारण मापकामापकांत फरक असतो.

पिस्टन : सायलेन्सर काढला की धुराच्या तोंडातून पिस्टन दिसतो. दोरी हळू ओढून तो वरखाली करावा आणि बॅटरीच्या उजेडात पाहावा. गुळगुळीत असेल तर ठीक. उभ्या ओरखड्यांच्या रेघा असतील तर मशीन कधीतरी तेलाशिवाय किंवा कमी पेट्रोलवर तापून धरली होती. पाहणीतील ही सर्वांत मोलाची पाच मिनिटे. विकणारा दोन स्क्रू काढू देत नसेल तर त्याचे कारण ओळखावे.

प्लग आणि फिल्टर : प्लगचे टोक तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. पांढरे असेल तर इंजिनला पेट्रोल कमी मिळते, काळे-ओले असेल तर जास्त. फिल्टर फाटका असेल तर भुसा आत गेला आहे, मग पिस्टनची आत ओढणारी बाजूही पाहावी.

क्रँक : चेन आणि बार काढून क्लचची बाजू हाताने वरखाली हलवावी. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग गेले. पूर्ण मशीन उघडण्याचे काम आहे. जुन्या मशीनवर एवढा खर्च करणे क्वचितच परवडते.

चालू केल्यावर : हळू चालीवर चेन स्थिर राहिली पाहिजे. मग मशीन डावीकडे, उजवीकडे, तोंड खाली अशी कलवावी. कलवताच आवाज चढत-उतरत असेल तर ऑइल सील किंवा कार्बोरेटरमागचे रबर हवा खात असण्याचा संभव आहे. अशी मशीन आज चालते, पण पेट्रोल कमी पडून पिस्टन धरते.

चेनचे तेल : बारचे टोक कोरड्या लाकडावर किंवा कागदावर थोड्या अंतरावर धरून वेग द्यावा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर पंप किंवा वाट बंद आहे आणि बार जळतो आहे.

कापून पाहणे : शेवटी लाकूड कापूनच पाहावे. दहा मिनिटे काम घेऊन मशीन बंद करावी, पाच मिनिटे थांबून पुन्हा चालू करावी. थंड असताना एका झटक्यात लागणारी आणि गरम झाल्यावर न लागणारी मशीन घेऊ नये. बाजारात विकायला आलेल्या पुष्कळ मशिनींचे दुखणे हेच असते.

७. बार, चेन आणि स्प्रॉकेट

ही तिन्ही झिजणारी अंगे. क्लचजवळच्या स्प्रॉकेटवर चेनने अर्ध्या मिलिमीटरहून खोल घर केले असेल तर ते बदलायला आले. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर चढवली तर तीही लवकर जाते.

चेनचे माप तीन गोष्टींवर ठरते : पिच, पट्टीच्या खाचेची जाडी आणि खालच्या दातांची संख्या. पिच मोजायला लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर घेऊन दोनाने भागावे. खाचेची जाडी १.१, १.३, १.५ किंवा १.६ मि.मी. असते. बार, चेन आणि स्प्रॉकेट यांचा पिच एकच हवा. आपल्या गावच्या दुकानात ते माप मिळते का हेही विचारावे. दोन मशिनी सारख्याच चांगल्या असतील तर जिची चेन आणि सुटे भाग जवळ मिळतात ती घ्यावी.

८. भाव दोन ओळींत मांडा

समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. पहिली मशीन १८,००० रुपये. कॉम्प्रेशन चांगले, फक्त नवी चेन हवी, ९०० रुपये. एकूण १८,९००.

दुसरी मशीन १३,५०० रुपये. पिस्टनवर रेघा. सिलिंडर-पिस्टन संच ३,५००, बार आणि चेन २,२००, स्प्रॉकेट ६००, मजुरी १,२००. खर्च ७,५००, म्हणजे एकूण २१,०००. मिस्त्रीकडे तीन दिवस गेले आणि रोजची कमाई १,००० धरली तर आणखी ३,०००. स्वस्त मशीन २४,००० ला पडली. पहिलीपेक्षा ५,१०० ने महाग.

विकणाऱ्याने सांगितलेली रक्कम हा भाव नव्हे. मशीन कामाला उभी राहीपर्यंत जे जाते तो भाव. हा हिशेब विकणाऱ्यासमोरच मांडावा. रागावून केलेल्या घासाघिशीपेक्षा कागदावरचा हिशेब अधिक रक्कम कमी करतो.

९. जेथे तडजोड नाही

चेनचा ब्रेक, पुढचा हातरक्षक, तुटलेली चेन अडवणारा खुंट आणि मूठ पकडल्याशिवाय वेग न देणारा खटका, या चार गोष्टी चालू स्थितीत नसतील तर त्या बसवल्याशिवाय मशीन कामाला लावू नये. बारचे टोक लाकडाला लागले की मशीन क्षणात तोंडाकडे उसळते. त्या वेळी ब्रेकच माणसाला वाचवतो. पुष्कळ जुन्या मशिनींचे ब्रेक "मध्ये येतात" म्हणून काढून टाकलेले असतात. ब्रेक काढलेली मशीन स्वतःच्या मुलाच्या किंवा मजुराच्या हातात देऊ नये.

१०. कागद आणि परवानगी

मूळ पावती असेल तर घ्यावी. नसेल तर विकणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख, रक्कम आणि मशीनचा क्रमांक लिहून सही घ्यावी. चोरीचा माल निघाला तर हा कागदच कामाला येतो.

मशीन आपली असली म्हणून झाड तोडण्याची परवानगी मिळत नाही. महाराष्ट्रात झाडतोडीला १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आणि शहरांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा आहे. काम घेण्यापूर्वी मालकाकडे परवानगी आहे का हे विचारावे.

११. घरी आणल्यावर

टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. आपल्याकडे २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. असे पेट्रोल टाकीत पडून राहिले तर ओल धरते, जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरच्या पडद्यांना त्रास होतो. म्हणून नळ्या आणि पडदे बदलून घ्यावेत, आणि मशीन ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून, उरलेले जळेपर्यंत चालवून ठेवावी.

तेलाचे प्रमाण अंदाजाने ठेवू नये. स्टिलच्या पुस्तिकांत कंपनीच्या तेलासाठी ५० ला १, म्हणजे लिटरला २० मि.लि., आणि इतर टू-स्ट्रोक तेलासाठी २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मि.लि. असे प्रमाण दिलेले आहे. चमचाभर तेल वाचवण्यात पूर्ण पिस्टन जातो.

शेवटी एक गोष्ट. आज आपण घेणारे आहोत, उद्या हीच मशीन विकणारेही आपणच असू. तेव्हा पिस्टनवरच्या रेघा, बदललेला सिलिंडर, न चालणारा ब्रेक हे आपल्याला ठाऊक असेल. ऐब सांगून माल विकला तर दोनशे-पाचशे कमी मिळतील. पण गाव लहान असते आणि घेणारा त्याच मशीनवर आपल्या मुलाबाळांची रोजी काढणार असतो. आपण ज्या पाहणीची अपेक्षा दुसऱ्याकडून ठेवली, तीच संधी त्याला द्यावी. सायलेन्सरचे दोन स्क्रू आपणहून काढून दाखवावेत. सौदा तेथेच पक्का होतो.